व्हॅस्क्युलायटिस ओळखताना लक्षणं सुटी सुटी पाहू नका

व्हॅस्क्युलायटिस हे एकाच आजाराचं नाव आहे, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात रक्तवाहिन्यांच्या भिंतींना सूज आणणाऱ्या अनेक आजारांचं ते घराणं आहे. चॅपेल हिल परिषदेने १९९४ मध्ये ठरवलेली आणि २०१२ मध्ये सुधारलेली वर्गवारी मुख्यतः वाहिनीच्या आकारावर बेतलेली आहे: मोठ्या, मध्यम आणि बारीक. ताप, थकवा, वजन घटणं ही लक्षणं सगळ्यांतच दिसतात. प्रकार कळतो तो कोणते अवयव एकदम कुरकुरू लागले यावरून.

गैरसमज: फुप्फुसात पोकळी दिसली, थुंकीतून रक्त पडलं, म्हणजे टीबीच.

आपल्याकडे टीबीची शंका आधी घ्यावी, हे बरोबरच आहे. पण थुंकीत जंतू वारंवार सापडत नसतील आणि औषधं घेऊनही फरक पडत नसेल, तर नाकाची चौकशी करा. कित्येक महिने नाकात खपल्या धरतात का? घोळणा वारंवार फुटतो का? सायनस बरा होत नाही, कानाने कमी ऐकू येतं, असं आहे का? त्यात लघवीच्या तपासणीत रक्त किंवा प्रथिनं निघाली, तर जीपीए (ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस), म्हणजे पूर्वीचा वेगनर, याचा संशय बळावतो. नाक-कान शाबूत, पण फुप्फुसात रक्तस्राव आणि मूत्रपिंडं झपाट्याने बिघडत असतील, तर मायक्रोस्कोपिक पॉलिअँजायटिस. मोठेपणी सुरू झालेला दमा, रक्तात वाढलेल्या इओसिनोफिल पेशी आणि अचानक पाऊल उचलता न येणं, हे एकत्र आलं तर ईजीपीए (इओसिनोफिलिक ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस). पाऊल लुळं पडणं पॉलिआर्टरायटिस नोडोसातही दिसतं, मात्र त्यात फुप्फुसं सहसा सुटतात. काही रुग्णांत त्यामागे हिपॅटायटिस बी असतो.

गैरसमज: अँका ही रक्ततपासणीच निकाल देते.

मोठ्या आणि मध्यम वाहिन्यांच्या आजारांत तिचा उपयोग नाही. उलट टीबीसारख्या संसर्गात किंवा काही औषधांमुळेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. लक्षणांशिवाय त्या कागदाला फारसा अर्थ नाही.

गैरसमज: पायावरचे लाल ठिपके म्हणजे अ‍ॅलर्जी.

काचेचा पारदर्शक ग्लास ठिपक्यांवर दाबून पाहा. पित्ताची लाली दाबल्यावर फिकी पडते, त्वचेत झिरपलेलं रक्त तसंच दिसतं. असे ठिपके आणि ताप एकत्र असतील, तर थेट रुग्णालय गाठा. डेंग्यू किंवा मेंदूज्वराचे जंतूही त्यामागे असू शकतात. लहान मुलाच्या पायांवर आणि ढुंगणावर हाताला उंच लागणारे ठिपके, पोटात कळा, घोटे-गुडघे दुखणं आणि प्लेटलेट मात्र व्यवस्थित, असं चित्र बहुधा आयजीए व्हॅस्क्युलायटिसचं असतं. ठिपके गेले म्हणून निर्धास्त होऊ नये. मूत्रपिंडाचा त्रास मागाहून येतो, म्हणून निदान सहा महिने लघवी तपासत राहतात.

गैरसमज: पंचविशीत बीपी वाढलं, तर ते टेन्शनमुळे.

तरुण मुलीचं बीपी दोन्ही हातांवर मोजलंच पाहिजे, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं. दोन्ही हातांच्या वरच्या आकड्यांत १० पेक्षा जास्त फरक येणं, एका मनगटाची नाडी क्षीण लागणं, केस विंचरताना हात भरून येणं, या खुणा ताकायासू या मोठ्या धमन्यांच्या आजाराच्या असू शकतात. १९०८ मध्ये जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी एका तरुणीच्या डोळ्यांतल्या बदलांवरून हा आजार प्रथम मांडला. भारतात तो बऱ्याचदा मूत्रपिंडाच्या धमनीला अरुंद करून वाढलेल्या बीपीच्या रूपात समोर येतो.

मोठ्याच धमन्यांचा दुसरा आजार, जायंट सेल आर्टरायटिस, पन्नाशीनंतरचा. कानशिलाजवळ नवी डोकेदुखी, कंगवा लावताच डोकं हुळहुळणं आणि घास चावताना जबडा भरून येणं, या त्याच्या खुणा. त्यात दृष्टी कायमची जाऊ शकते, म्हणून दाट संशय असेल तर डॉक्टर बायोप्सीच्या अहवालासाठी न थांबता त्याच दिवशी स्टेरॉइड सुरू करतात.