अ‍ॅस्बेस्टॉसजन्य फुप्फुसविकार आणि आपली प्रश्नपरीक्षा

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या १७ व्या अध्यायात श्वासाचे हेतू सांगताना रज व धूम यांचा स्पष्ट निर्देश केला आहे. तरीही कासाचा रुग्ण समोर आला की आपण अग्नी, कोष्ठ, आहार यांची विचारपूस करतो. त्याच्या व्यवसायाविषयी विचारलेच, तर आजच्याविषयी विचारतो. अ‍ॅस्बेस्टोसिसमध्ये नेमकी हीच उणीव भोवते.

अ‍ॅस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे वायुकोशांपर्यंत जातात. तेथील भक्षकपेशींना लांब तंतू गिळता वा विरघळवता येत नाहीत. शोथ टिकून राहतो, व्रणवस्तू साठते आणि फुप्फुस कठीण व संकुचित होत जाते. वातप्रकोपजन्य रौक्ष्य व काठिण्य यांच्याशी याचे साम्य आम्हांस जाणवते. मात्र ते साम्यच, ग्रंथोक्त निदान नव्हे. लक्षणे दिसण्यास बहुधा १० ते २० वर्षे, कधी त्याहून अधिक काळ जातो.

मुंबईत मुलुंडला सिमेंटचे पत्रे, घाटकोपरला ब्रेक-लायनिंग तयार होई. दारूखान्यात जहाजे तोडताना जुनी आवरणे सोलली जात. तेथला निवृत्त कामगार आज सातारा वा रत्नागिरीकडील गावी आपल्याच दवाखान्यात येऊ शकतो. त्याला तमकश्वासी ठरविणे सोपे आहे. परंतु तमकात वेग येतो व ओसरतो; येथे श्रमाने लागणारी धाप वर्षागणिक वाढते, कास शुष्क असतो, आणि पाठीवर खाली श्रवणयंत्र ठेवल्यास दीर्घ श्वासाच्या अखेरीस बारीक करकर ऐकू येते. काहींची बोटांची अग्रे फुगीर होतात. क्ष-किरण चित्र संदिग्ध असल्यास एचआरसीटी करवावे.

वासावलेह, सितोपलादी यांनी कासाला उपशम मिळेल; झालेली व्रणवस्तू त्यांनी नाहीशी होते असे आम्ही म्हणणार नाही, आणि कोणी म्हणूही नये. धूम्रपान मात्र तत्काळ थांबवावे, कारण अ‍ॅस्बेस्टॉस व तंबाखू एकत्र आल्यास फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो. औषधी दुकानदारांनीही महिनोन्‌महिने कासाचीच बाटली नेणाऱ्यास एकदा जुन्या कामाविषयी विचारावे.

हा व्याधी १९४८ च्या कारखाने अधिनियमात अधिसूचित होता. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही तो आहे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्यनोंदी ४० वर्षे, किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जपण्याचा आदेश दिला. भरपाईच्या दाव्याला छातीरोगतज्ज्ञाचे निदान लागते. म्हणून रुग्णास तिकडे पाठविताना आपल्या केसपेपरावर कारखान्याचे नाव, खाते आणि कामाची वर्षे लिहून द्यावीत.