उमेदवारीचे अर्थकारण आणि कारखान्याची बोली

‘उमेदवार’ ह्या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. निवडणुकीस उभा राहणारा तो उमेदवार, आणि एखादा धंदा वा कसब शिकण्यासाठी कोणाच्या हाताखाली राहणारा तोही उमेदवारच. फारसी ‘उमेद’ म्हणजे आशा. पूर्वी कचेरीत बिनपगारी काम करून पुढेमागे जागा मिळेल अशी आशा धरणाऱ्यास हा शब्द लावीत. आशा धरणारा तो एकटाच, असे ह्या शब्दावरून वाटते. वस्तुतः अभियांत्रिकी कारखान्यातील उमेदवारीत दुसरी आशा कारखानदाराची असते, आणि ती कितपत सफल होते हाच येथे विवेचनाचा विषय आहे.

कारखानदाराच्या लाभाचा विचार बहुधा विद्यावेतनापासून सुरू होतो. उमेदवारास कामगाराइतके वेतन द्यावे लागत नाही, आणि २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय योजनेत तर विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा १५०० रुपयांच्या मर्यादेत, शासनाने उचलण्याची तरतूद झाली. तेव्हा स्वस्त मनुष्यबळ हाच मुख्य लाभ, असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष वरवरचा होय. पहिल्या काही महिन्यांत उमेदवाराकडून होणारे उत्पादन थोडे, वाया जाणारा माल अधिक, आणि त्याला शिकविण्यात कसबी कारागिराचा जो वेळ जातो तो सर्वांत महाग. ह्या खर्चाची वेगळी नोंद सहसा कोणी ठेवीत नाही, म्हणूनच तो दिसत नाही. जर्मनीत झालेल्या पाहण्यांत तर तेथील कारखान्यांस शिक्षणकाळात सरासरीने तोटाच होतो असे आढळून आले आहे. स्वित्झर्लंडमध्ये मात्र बहुतेकांचा खर्च त्याच काळात भरून निघतो. असे असूनही जर्मन कारखानदारांनी ही प्रथा सोडलेली नाही. ह्याचा अर्थ लाभ अन्यत्र शोधावयास पाहिजे.

तो पहिल्याने ज्ञानाच्या स्वरूपात सापडतो. लेथवर पोलाद कापताना निघणाऱ्या किसाचा रंग पाहून टर्नर काम कसे चालले आहे हे ओळखतो. हत्यार हायस्पीड पोलादाचे असेल आणि कीस निळा पडू लागला, तर उष्णता फार झाली, वेग कमी केला पाहिजे, नाही तर धार जाईल. हत्यार कार्बाइडचे असेल तर तोच निळा रंग स्वाभाविक समजावयाचा. पुस्तकात हे लिहिता येते. परंतु किती निळा, कोणत्या आवाजासह, आणि ह्याच लेथवर की शेजारच्या जुन्या लेथवर, हे पुस्तक सांगू शकत नाही. मायकेल पोलान्यी ह्यांनी १९५८ मधील आपल्या ग्रंथात अशा ज्ञानाची चर्चा केली आहे: माणसाला जितके सांगता येते त्याहून अधिक त्याला ठाऊक असते. असे ज्ञान शेजारी उभे राहूनच घ्यावे लागते. तीस वर्षे एका यंत्रावर काढलेला मिस्त्री निवृत्त होतो तेव्हा, त्याच्या हाताखाली कोणी शिकलेला नसल्यास, ते त्याच्याबरोबर फाटकाबाहेर जाते. यंत्राची किंमत ताळेबंदात असते, ह्याची नसते.

ह्या ज्ञानाला स्वतःची बोली असते. ‘मिस्त्री’ हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्र’पासून आलेला; कानस, छिन्नी, गुनिया, ओळंबा हे सुतार-लोहार-गवंड्यांकडून चालत आलेले; लेथ, फिटर, ड्रिल हे इंग्रजीतून. नकाशावर मापे मिलिमीटरमध्ये असतात, तोंडी व्यवहार मात्र अद्याप पुष्कळ ठिकाणी ‘सुता’त चालतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ चा, पण सूत टिकून आहे. हा भाषाभ्यासकाच्या कुतूहलापुरता प्रश्न नव्हे. ‘चार सुती’ बोल्ट १२.७ मिलिमीटरचा. नवख्या माणसाने तो बारा मिलिमीटरचाच समजून दोन्ही एका पेटीत टाकले, तर बारा मिलिमीटरचा बोल्ट चार सुती नटात पहिल्याने फिरतो, परंतु दोहोंच्या आट्यांचे अंतर वेगळे असल्याने पकड खरी नसते. बाहेरून नव्याने आलेला पदविकाधर नकाशाची भाषा जाणतो, जुना कारागीर सुताची जाणतो. उमेदवारी पुरी केलेला माणूस एकीतून दुसरीत सहज जातो. सूचना एकदाच द्यावी लागते, हा लाभ लहान वाटला तरी पाळीगणिक मिळणारा आहे.

दुसरा लाभ निवडीचा. पंधरा मिनिटांच्या मुलाखतीत माणूस किती कळणार? उमेदवार महिनोन्‌महिने डोळ्यांसमोर असतो. माप चुकल्यावर तो ते झाकतो की सांगतो, हे कोणत्याही प्रमाणपत्रावर लिहिलेले नसते. “शिकवून तयार केला आणि शेजाऱ्याने पळविला” ही कारखानदारांची जुनी तक्रार आहे, आणि सर्वत्र उपयोगी पडणाऱ्या कौशल्याचा खर्च मालक का करील, हा प्रश्न गॅरी बेकर ह्यांनी १९६४ मध्ये शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. त्याचे एक उत्तर असेमोग्लू आणि पिश्के ह्या अर्थशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये दिले, ते ह्याच निवडीच्या मुद्द्याशी जुळते: शिकविणाऱ्या मालकास उमेदवाराची योग्यता ठाऊक असते, शेजाऱ्यास नसते. तक्रार त्यामुळे निराधार ठरत नाही. तिची धार मात्र कमी होते.

आपल्याकडे ही गोष्ट अनुभवाने आधीच कळलेली होती. जमालपूरचा रेल्वे कारखाना १८६२ मध्ये सुरू झाला आणि १९२७ पासून तेथे अभियंता-अधिकाऱ्यांसाठीही खास उमेदवारवर्ग चालविला गेला. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर कारखाना हलविला, तेव्हा आसपासच्या खेड्यांतील माणसांतूनच कारागीर घडविणे भाग पडले.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने ह्या व्यवहारास कायद्याचे रूप दिले. २०१९ च्या नियमदुरुस्तीने तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेस एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के उमेदवार घेणे आवश्यक झाले. अधिनियमात उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नव्हे, असे स्पष्ट म्हटले आहे. हे कलम दुधारी आहे. त्याच्या आधारे कित्येकदा मुलाला वर्षभर एकाच प्रेसवर उभे करून एकच तुकडा काढून घेतला जातो. त्यात मुलाची वंचना तर आहेच. परंतु निव्वळ हिशेबाच्या दृष्टीनेही मालकाने विद्यावेतन देऊन केवळ तुकडे विकत घेतले, आणि वर वर्णिलेल्यांपैकी एकही लाभ त्याच्या पदरात पडला नाही. वर्षअखेरीस मुलगा जातो, दुसरा येतो, आणि मिस्त्रीचे वय एका वर्षाने वाढलेले असते.

उलटपक्षी, नीट शिकविणाऱ्या कारखान्यात मिस्त्रीही बदलतो. “असे का?” ह्या प्रश्नास उत्तर द्यावे लागल्याने, आजवर हाताला ठाऊक असलेले त्याला शब्दांत आणावे लागते, आणि कधी कधी जुनी रीत टाकून द्यावी लागते. कायद्याने उमेदवाराच्या प्रगतीची नोंद ठेवावयाची असते. बहुतेक ठिकाणी ती इंग्रजी साच्यातली, सहीपुरती असते. तीच उमेदवाराने स्वतः, कारखान्यात बोलल्या जाणाऱ्या मराठीत, सूत आणि मिलिमीटर दोन्ही लिहून ठेवली, तर जुन्या लेथचा कोणता गिअर केव्हा कुरकुरतो आणि मिस्त्री त्यावर काय करीत असे, ह्याची लेखी माहिती पुष्कळ कारखान्यांत प्रथमच उपलब्ध होईल.