पवईच्या बाकांवरची घटना

घटनेची सातवी अनुसूची कधी निवांत चाळून पाहा. केंद्र सूचीतल्या 63व्या नोंदीत बनारस, अलीगढ आणि दिल्ली ही तीन विद्यापीठे चक्क नावानिशी बसली आहेत. पवईचे नाव अर्थातच नाही. घटना लागू झाली तेव्हा पवईत तलाव होता, आयआयटी नव्हती. पण लगेच पुढची 64वी नोंद जणू तिच्यासाठीच मोकळी ठेवलेली. केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या ज्या तंत्रशिक्षण संस्थेला संसद कायदा करून ‘राष्ट्रीय महत्त्वाची’ म्हणेल, ती केंद्राच्या अखत्यारीत.

मुंबईची आयआयटी 1958 साली वरळीच्या ‘सस्मिरा’ इमारतीत सुरू झाली, युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीवर. 10 मार्च 1959 रोजी नेहरूंनी पवईत कोनशिला बसवली. कागदोपत्री मात्र ती तेव्हा 1860च्या कायद्याखाली नोंदलेली सोसायटी होती, गल्लीतल्या वाचनालयासारखीच! आयआयटींसाठीचा 1961चा कायदा 1 एप्रिल 1962पासून लागू झाला, तेव्हा ती 64व्या नोंदीत शिरली आणि राष्ट्रपती तिचे ‘व्हिजिटर’ झाले. त्याच कायद्यात ‘बॉम्बे’ असे छापले गेले. शहराचे 1995मध्ये मुंबई झाले तरी संस्थेचे इंग्रजी नाव तसेच राहिले, कारण ते बदलायला संसदच लागते.

42व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषय राज्य सूचीतून उचलून समवर्ती सूचीत टाकला. सूच्यांना हात लावायचा तर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती घ्यावी लागते. पवईला त्याचे सोयरसुतक नव्हते. ती आधीपासूनच केंद्राच्या घरातली.

पवईला खरे हलवले ते अनुच्छेद 15च्या दुरुस्त्यांनी. गंमत अशी की पहिल्या घटनादुरुस्तीचे एक कारणच मुळात प्रवेशाचे भांडण होते. मद्रासमध्ये वैद्यकीय आणि इंजिनिअरिंगच्या जागा जातिनिहाय वाटल्या जात. चंपकम दोराईराजन आणि सी. आर. श्रीनिवासन कोर्टात गेले आणि जिंकले. चंपकम यांनी मेडिकलला अर्जच केला नव्हता, ही नोंद खुद्द सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे. निकाल एप्रिल 1951चा. जूनमध्ये मागास वर्गांसाठी आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी विशेष तरतुदीची मुभा देणारे 15(4) हे कलम घटनेत आले. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागा आयआयटीत यायला मात्र 1973 उजाडले. कलम होते, दार बंद होते. बावीस वर्षांच्या या विलंबाची चर्चा आरक्षणाच्या वादात कुणी फारशी करत नाही.

पुढचा धक्का आपल्याच राज्यातून निघाला. पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्यात ऑगस्ट 2005मध्ये न्यायालय म्हणाले, विनाअनुदानित खासगी महाविद्यालयांवर सरकारला आरक्षण लादता येणार नाही. संसदेने डिसेंबरमध्ये 93वी दुरुस्ती मंजूर करून 15(5) घातले. भांडण खासगी कॉलेजांचे, पण त्या कलमाच्या आधारे केंद्रीय संस्थांसाठी ओबीसी आरक्षणाचा कायदा झाला आणि वारे पवईपर्यंत आले. न्यायालयाने 2007मध्ये स्थगिती दिली. 10 एप्रिल 2008 रोजी कायदा उचलून धरला.

कायद्यात एक अट होती: खुल्या जागांची संख्या घटता कामा नये. आता हिशेब करा. 100 जागांत साडेबावीस राखीव, म्हणजे साडेसत्त्याहत्तर खुल्या. त्यात ओबीसींचे 27 टक्के वाढले की खुल्यांचा वाटा साडेपन्नास टक्क्यांवर येतो. त्या साडेपन्नास टक्क्यांत साडेसत्त्याहत्तर जागा राखायच्या, तर एकूण जागा 154च्या घरात न्याव्या लागतात. शंभर मुलांच्या वर्गात आणखी 54 बाके. तितक्याच खाटा हॉस्टेलात, तितकीच ताटे मेसमध्ये, आणि शिकवायला माणसे वेगळीच. दिल्लीत एका कलमाला पोटकलम जोडले की पवईत विटा लागतात, त्या अशा.

2019मध्ये पुन्हा तेच. 103वी दुरुस्ती 8 जानेवारीला लोकसभेत, 9ला राज्यसभेत मंजूर झाली आणि 14ला अमलात आली. आठवडाभरात घटना बदलली. आर्थिक दुर्बलांच्या 10 टक्क्यांसाठी त्याच हिशेबाने जागा पाव पटीने वाढवाव्या लागल्या. सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती नोव्हेंबर 2022मध्ये 3 विरुद्ध 2 मतांनी वैध ठरवली. तोवर त्या जागांवरची पहिली तुकडी इथे तीन वर्षे शिकलेली होती.

मुलींचे प्रकरण निराळे. स्त्रियांसाठी विशेष तरतूद करायची मुभा 15(3)मध्ये 26 जानेवारी 1950पासूनच आहे, त्यासाठी एकही दुरुस्ती लागली नाही. आयआयटींनी मुलींसाठी अधिसंख्य जागा काढल्या त्या 2018मध्ये.