कमी तास, पुरे काम : काही रूढ समजुती आणि वस्तुस्थिती

माणसाने दिवसाकाठी किती तास काम करावे, हा प्रश्न वरवर पाहता ज्याच्या त्याच्या प्रकृतीचा आणि उद्यमशीलतेचा वाटतो. परंतु गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास चाळला म्हणजे ध्यानात येते की, कामाचा दिवस कोठे संपावा हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हाच या प्रश्नाचा गाभा आहे. थोडक्या वेळात अधिक काम उरकण्याच्या युक्त्या सांगणाऱ्या पुस्तकांची सध्या रेलचेल आहे, आणि आठवड्याला सत्तर तास राबणे हेच तरुणांचे राष्ट्रकार्य होय, असा उपदेशही प्रतिष्ठित मंडळींकडून ऐकू येतो. या दोन्ही पक्षांच्या बोलण्यात काही गैरसमज खोलवर रुजलेले आहेत, आणि त्यांची किंमत राबणाऱ्या माणसाला आपल्या आरोग्याने आणि संसारसुखाने मोजावी लागते, म्हणून त्यांची तपासणी करणे अगत्याचे आहे.

गैरसमज पहिला : जितके तास अधिक, तितके काम अधिक.

वस्तुस्थिती : ही त्रैराशिकाची रीत माणसाला लागू पडत नाही. जर्मनीतील येना येथील झाइस या भिंगांच्या कारखान्याचे सूत्रधार एर्न्स्ट आबे यांनी १९०० साली कामाचा दिवस नऊ तासांवरून आठ तासांवर आणला आणि नगावर मजुरी घेणाऱ्या कारागिरांच्या कामाचा हिशेब काटेकोरपणे ठेवला. तेव्हा दर तासाचे काम सुमारे १६ टक्क्यांनी वाढले आणि सबंध दिवसाचे कामही घटण्याऐवजी किंचित वाढलेलेच आढळले. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रियांच्या कामाची जी दफ्तरे शिल्लक राहिली, त्यांचा जॉन पेंकावेल या अर्थशास्त्रज्ञाने २०१४ साली नव्याने अभ्यास केला. आठवड्याला सुमारे ४९ तासांपर्यंत काम तासांच्या प्रमाणात वाढते, पुढे ते प्रमाण ढासळत जाते, आणि ७० तासांच्या आठवड्यातील काम ५६ तासांच्या आठवड्याहून फारसे वेगळे नसते, असा त्याचा निष्कर्ष आहे. म्हणजे ज्या सत्तर तासांची थोरवी आज गाइली जाते, त्यांतील अखेरचे चौदा तास जवळजवळ वाया जाणारे होत.

मुंबईच्या गिरण्यांतही याहून निराळे घडत नव्हते. १९०८ सालच्या फॅक्टरी लेबर कमिशनपुढे झालेल्या साक्षींतून असे दिसून आले की, अतोनात लांबलेल्या दिवसात मजूर साचा सोडून वारंवार बाहेर येत, कोणी विडी ओढी, कोणी अंग धुई, कोणी जेवून घटकाभर टेकत असे. मालकांनी यास आळस म्हटले. वास्तविक देहाने आपली विश्रांती आपणच वसूल करून घेतली होती. जेथे देहाला अशी वसुली करता येत नाही, तेथे तो निराळ्या रीतीने हिशेब चुकता करतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यास ३५ ते ४० तास काम करणाऱ्याच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो.

गैरसमज दुसरा : नवी साधने आली की वेळ आपोआप वाचतो.

वस्तुस्थिती : साधनाने वेळ वाचतो हे खरे, परंतु वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडावा, याचा निर्णय साधन करीत नाही. विजेचे दिवे येण्यापूर्वी मुंबईच्या गिरण्या सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालत, आणि अंधार पडल्यावर तुटलेला धागा दिसेनासा होऊन सांधता येत नसे, म्हणून मजुराला घरी सोडण्यावाचून गत्यंतर नसे. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचा लखलखाट झाला, आणि त्याच वेळी कापडाला मागणीही तेजीत असल्यामुळे, जो दिवस सूर्यास्ताने संपत होता तो रात्रीत शिरून चौदा तासांपलीकडे लांबला. प्रौढ पुरुषांच्या कामाला कायद्याने थेट मर्यादा घालावी की नाही, यावर वर सांगितलेल्या कमिशनमध्ये मतभेद झाला. बहुमत प्रतिकूल असता कमिशनचे एक सभासद डॉ. टी. एम. नायर यांनी आपली भिन्नमतपत्रिका जोडून बारा तासांच्या मर्यादेचा आग्रह धरला, आणि १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांपुरती ती मर्यादा मान्य झाली.

अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३० साली असे भाकीत केले होते की, शंभर वर्षांत यंत्रविद्येच्या प्रगतीमुळे माणसाला आठवड्याला पंधरा तास काम पुरेल. संपत्तीच्या वाढीविषयीचा त्यांचा अंदाज बराचसा खरा ठरला, तासांविषयीचा ठरला नाही. कारण वाढलेल्या उत्पादनक्षमतेचे रूपांतर अवकाशात व्हावे, अशी तजवीज कोणी केली नाही. गिरण्यांत विजेच्या दिव्यांनी जे केले, तेच आज खिशातला मोबाइल करीत आहे : पूर्वी कचेरीचे दार बंद झाले की कचेरी संपत असे, आता साहेबांचा निरोप जेवणाच्या ताटापर्यंत पोहोचतो.

गैरसमज तिसरा : दिवसभर व्यग्र असणारा मनुष्य दिवसभर उपयुक्त काम करीत असतो.

वस्तुस्थिती : ब्रिटिश इतिहासकार सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ साली मांडलेला नियम सुप्रसिद्ध आहे : जेवढी मुदत दिलेली असेल, तेवढी व्यापेपर्यंत काम फुगते. त्यांनी दाखविलेला दाखला बोलका आहे. १९१४ ते १९२८ या काळात ब्रिटिश आरमारातील मोठ्या युद्धनौका ६२ वरून २० वर आल्या, आणि आरमारखात्याच्या कचेरीतील अधिकारी मात्र २,००० वरून ३,५६९ झाले.

हा प्रकार समजून घेण्यासाठी लंडनला जाण्याची आवश्यकता नाही. आपल्याकडील एखाद्या साध्या अर्जाचा प्रवास पाहावा. तो बारनिशीत नोंदला जातो. कारकून त्यावर टिपणी लिहितो. अव्वल कारकून तिच्यातील दोन शब्द बदलतो. वरिष्ठ ‘चर्चा करावी’ असा शेरा मारून कागद परत पाठवितात. चर्चेस तिघे एकत्र जमेपर्यंत दोन दिवस उलटतात, आणि अखेरीस पहिल्याच टिपणीखाली सही होते. या प्रवासातील प्रत्येक माणूस प्रामाणिकपणे व्यग्र होता. परंतु निर्णयाला लागली ती दहाच मिनिटे.

म्हणून तास कमी करू इच्छिणाऱ्याने वेग वाढविण्यापूर्वी कामांची छाटणी करावी. हे काम न केल्यास कोणाचे नुकसान होईल, हा निर्णय माझ्याच पातळीवर घेता येईल काय, आणि यासाठी सभा हवी की दोन ओळींचा कागद पुरेल, हे तीन प्रश्न निष्ठुरपणे विचारले तर यादीतील बरीच कामे गळून पडतात. उरलेल्यांपैकी एका जातीची कामे एकत्र करावी, पत्रांना व निरोपांना उत्तरे देण्याची वेळ ठरवून टाकावी, आणि बुद्धी ताजी असते ते तास कठीण कामासाठी राखून ठेवावे. एका कामावरून दुसऱ्या कामावर उडी मारली असता पहिल्याचा काही अंश चित्तात रेंगाळतो आणि दुसरे काम मंदावते, हे संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ साली प्रयोगांनी दाखवून दिले आहे.

गैरसमज चौथा : आठवड्यातील एक दिवस सुटला की तास कमी झालेच.

वस्तुस्थिती : महाराष्ट्र शासनाच्या कचेऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, तेव्हा रोजच्या कामाची वेळ पंचेचाळीस मिनिटांनी वाढविण्यात आली. ती सोय निश्चितच उपयुक्त आहे. परंतु तिचे स्वरूप मुख्यतः तासांच्या फेरमांडणीचे आहे. खऱ्या कपातीचा दाखला ब्रिटनमध्ये २०२२ च्या उत्तरार्धात सापडतो. तेथे ६१ संस्थांनी सुमारे २,९०० कर्मचाऱ्यांचे वेतन न कापता सहा महिने तास कमी केले; त्यांपैकी ५६ संस्थांनी प्रयोग पुढे चालू ठेवला, आणि एकंदर उत्पन्नाला बाध आला नाही. अर्थात या संस्था स्वखुशीने पुढे आलेल्या होत्या, हे विसरता कामा नये.

गैरसमज पाचवा : कमी तास हे पाश्चात्त्यांचे खूळ असून आपल्या परंपरेत त्यास स्थान नाही.

वस्तुस्थिती : ज्या मागणीला आज परकी म्हटले जाते, ती मुंबईच्या मराठी गिरणीकामगाराने १८८४ साली मांडली होती. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मजुरांच्या सभा भरवून जो अर्ज तयार केला, त्यात रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा आणि सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, या मागण्या होत्या. रविवारची सुटी मालकांनी मान्य करावयास १० जून १८९० हा दिवस उजाडावा लागला. पुढे १९२२ साली कारखान्यातील आठवडा ६० तासांचा आणि १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत ५४ तासांचा झाला; आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखाते सांभाळीत असता १९४६ साली आलेल्या दुरुस्तीने तो ४८ तासांवर आला. यातील प्रत्येक टप्प्यावर उद्योग बुडेल अशी भीती घालण्यात आली होती, आणि प्रत्येक टप्प्यानंतर उद्योग चालूच राहिले.

गैरसमज सहावा : हा केवळ व्यक्तीच्या शिस्तीचा आणि जीवनरचनेचा प्रश्न आहे.

वस्तुस्थिती : व्यक्तीच्या हाती काही गोष्टी निःसंशय असतात. गरजा आटोपशीर ठेवल्या, कर्जाच्या हप्त्यांनी पुढील वीस वर्षे गहाण टाकली नाहीत, आणि पगारवाढीइतकेच मोल मोकळ्या संध्याकाळीला दिले, तर तास कमी मागण्याचे बळ येते. परंतु रोजंदारीवरील मजुराला एक तास कमी म्हणजे तेवढी मजुरी कमी. त्याला दिनचर्येचा उपदेश पुरणार नाही, मजुरीचा दर वाढविल्यावाचून त्याचा दिवस आखूड होणार नाही. अमेरिकेतील बॅटल क्रीक येथे न्याहारीच्या पदार्थांचे कारखानदार केलॉग यांनी १९३० साली आपल्या कारखान्यात सहा तासांची पाळी सुरू केली तेव्हा तासाचा दरही वाढविला होता, आणि काही विभागांत ती पाळी १९८५ पर्यंत टिकली.

घराच्या उंबरठ्याआतही हाच न्याय लागू आहे. भारत सरकारच्या २०१९ च्या कालविनियोग पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे, असे आढळले. पुरुषाची कचेरी साडेपाचला सुटली आणि स्त्रीची दुसरी पाळी त्याच वेळी सुरू झाली, तर त्या घराने तास कमी केले असे म्हणता येणार नाही.

तेव्हा ज्याला तास कमी करावयाचे असतील त्याने दिवसाचा शेवट आधी ठरवावा, त्या मर्यादेत न बसणारी कामे नाकारावी किंवा छाटावी, आणि ही सवलत आपल्या हाताखालच्या माणसाला आणि घरातील माणसांनाही मिळेल अशी व्यवस्था करावी. आणि जेथे व्यक्तीचे बळ अपुरे पडते तेथे संघटनेची आणि कायद्याची मागणी निःसंकोचपणे करावी, कारण रविवार आपल्याला लाभला तो याच मार्गाने.