आभाळातून उतरणारा दवाखाना

२३ मार्च १९५१. कोरियन युद्धात मुनसानजवळ अमेरिकी छत्रीधारी सैनिक शत्रूच्या पिछाडीला उतरत होते. त्यांच्यात बारा भारतीयही होते, ते मात्र लढायला आले नव्हते. गोळी लागलेल्या माणसाला रक्तस्राव फार वेळ देत नाही. म्हणून दवाखान्यानेच त्याच्याजवळ जायचं. शस्त्रक्रियेची हत्यारं, औषधं सगळं छत्रीनेच खाली यायचं आणि काही वेळात उघड्या माळावर ऑपरेशन सुरू व्हायचं! या पथकाचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज, ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स या भारतीय लष्कराच्या वैद्यकीय तुकडीचे कमांडर.

उडी त्यांना नवी नव्हती. १९४१ साली छत्रीने उडी घेणाऱ्या पहिल्या दोन भारतीय सैनिकांपैकी ते एक. १९४४ च्या मार्चमध्ये मणिपूरच्या संगशाक गावी जपान्यांशी लढलेल्या पॅराशूट ब्रिगेडमध्येही ते होते. तिथली टेकडी इतकी खडकाळ की खोल खंदक खणता येईनात आणि प्यायला पाणी पुरेना. तिथे आपली मराठा पलटणही लढली.

पण मला थक्क करते ती डिसेंबर १९५० ची प्योंगयांगमधली गोष्ट. चिनी फौजा जवळ येत होत्या, शहर रिकामं होत होतं. तुकडीचं सामान नेण्याइतकी वाहनं नव्हती. ते टाकून निघणं सोपं होतं. रंगराज तयार होईनात. उपकरणांशिवाय वैद्यकीय तुकडी काय कामाची? शोधाशोध केल्यावर एक जुनं वाफेचं इंजिन सापडलं, काही डबे सापडले. जवानांनी रांग लावून हातोहात बादल्या पुढे सरकवल्या आणि बॉयलर भरला. जळण गोळा केलं. तुकडीतच इंजिनाची माहिती असलेले दोघे निघाले. त्यांनी गाडी हाकली आणि नदीवरचा पूल उडवला जाण्यापूर्वी अख्खा दवाखाना पलीकडे नेला. पुढे कोरियात याच सामानाच्या साहाय्याने उपचार झाले, सैनिकांवर आणि तिथल्या रहिवाशांवरही.

कोरियातल्या कामगिरीसाठी रंगराज यांना महावीर चक्र मिळालं. त्यांची पुढची कामगिरी मात्र आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही. लष्करानंतर ते जागतिक आरोग्य संघटनेच्या देवी निर्मूलन मोहिमेत गेले, अफगाणिस्तानात. इथे लागणारं मुख्य हत्यार खिशात मावणारं: टोकाला दोन दाते असलेली सुई. दात्यांमध्ये लसीचा थेंब धरायचा, दंडावर पंधरा वेळा टोचायचं, झालं. अवघड होतं ते गावापर्यंत पोचणं. शिवाय देवीच्या खपल्यांची पूड टोचणारे पारंपरिक वैदू गावोगाव हिंडत. त्यातून माणूस बहुधा वाचे, पण खरी देवीही पसरे. त्यांनाही शोधून काढावं लागे.

१९७२ मध्ये अफगाणिस्तानातला देवीचा स्थानिक प्रसार थांबला. आठ वर्षांनी, ८ मे १९८० रोजी, जग देवीमुक्त जाहीर झालं. महावीर चक्राइतकंच मोल मी या कामाला देतो, आणि शाळेच्या पुस्तकात रंगराज यांच्यावर एक धडा असायलाच हवा.