जठरातील जीवाणुसंसर्ग आणि प्रतिकारयंत्रणेचा अपुरा प्रतिसाद

तीव्र आम्लामुळे जठरात जीवाणूंना वस्ती करता येत नाही, अशी वैद्यकशास्त्राची दीर्घकाळ समजूत होती. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनी रुग्णांच्या जठर-ऊतींतून एक सर्पिल जीवाणू प्रयोगशाळेत वाढविला आणि ही समजूत ढासळली. १९८४ मध्ये मार्शल यांनी तो जीवाणू स्वतः प्राशन केला. यास धाडस म्हणावे की अविचार, हा प्रश्न वेगळा; काही दिवसांतच त्यांना जठरदाह झाला. २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हेलिकोबॅक्टर पायलोरी हा तो जीवाणू. युरिएज या विकराच्या साहाय्याने तो युरियापासून अमोनिया तयार करतो, भोवतीचे आम्ल सौम्य करतो आणि जठराच्या आतील श्लेष्मथरात शिरतो. जीवाणूंच्या कशाभिकांतील फ्लॅजेलिन हे प्रथिन ओळखणारे टीएलआर-५ हे ग्राही पेशींवर असतात. परंतु याच्या फ्लॅजेलिनची घडण निराळी असल्याने ते त्यांस जवळजवळ ओळखू येत नाही.

तरीही प्रतिकारयंत्रणा स्वस्थ बसत नाही. ‘कॅग’ जनुकसमूह असलेले वाण सुईसारख्या रचनेतून आपले घटक जठराच्या पेशींत सोडतात. जीवाणूच्या भित्तिकेचे तुकडे पेशीतील नॉड-१ हे प्रथिन ओळखते. मग इंटरल्यूकिन-८ स्रवते आणि रक्तातील न्यूट्रोफिल तेथे धाव घेतात. पाठोपाठ टी-पेशी येतात, प्रतिपिंडेही तयार होतात. मात्र बहुतांश जीवाणू श्लेष्मात, म्हणजे या पेशींच्या आवाक्याबाहेर असतात. शिवाय जीवाणूचे व्हॅक-ए हे विष टी-पेशींची वाढ रोखते, तर शरीराच्याच नियामक टी-पेशी दाहास आवर घालतात. परिणामी जीवाणू टिकतो, दाहही टिकतो आणि झीज जठराच्या अस्तराची होते. काहींना त्यातून व्रण होतो, थोड्यांना कर्करोग. १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या संसर्गाची गणना निश्चित कर्ककारकांत केली.

निरोगी जठरात संघटित लसीकाभ ऊती जवळजवळ नसतात. या संसर्गात त्या नव्याने निर्माण होतात आणि क्वचित त्यांतूनच लिम्फोमा उद्भवतो. प्रारंभीच्या अवस्थेत असे अनेक अर्बुद केवळ प्रतिजैविकांनी जीवाणू नष्ट करताच ओसरतात. प्रतिपिंडे मात्र त्यानंतरही अनेक महिने रक्तात राहतात. म्हणून उपचार सफल झाला की नाही हे रक्ततपासणीने ठरवीत नाहीत, त्यासाठी युरियायुक्त श्वासचाचणी किंवा मलचाचणी करावी लागते.