वाट पाहणारी पिढी आणि न थांबलेले दोघे

२०२० चा सप्टेंबर उजाडला तेव्हा १९९० साली जन्मलेले टेनिसपटू तिशीला आले होते. तरीही १९९० किंवा त्यानंतर जन्मलेल्या एकाही पुरुषाच्या नावावर एकेरीचं ग्रँड स्लॅम नव्हतं. याच खेळात बोरिस बेकरनं १७ व्या वर्षी विम्बल्डन जिंकलं होतं, मायकेल चँगनं त्याच वयात फ्रेंच ओपन जिंकली होती, पीट सॅम्प्रास १९ व्या वर्षी अमेरिकन ओपनचा विजेता झाला होता. ब्यॉन बोर्गनं तर २६ व्या वर्षी निवृत्तीच जाहीर केली होती. टेनिस हा कोवळ्या वयाचा खेळ, असं आपण इतकी वर्षं धरून चाललो होतो. पण या एका पिढीच्या वाट्याला ते वय आलं आणि रिकामंच निघून गेलं.

कारण सगळ्यांना ठाऊक आहे. रॉजर फेडरर २०, राफेल नदाल २२, नोव्हाक जोकोविच २४. फेडररनं २००३ मध्ये पहिलं विम्बल्डन जिंकलं, तिथपासून २०२३ च्या अमेरिकन ओपनपर्यंत ८१ ग्रँड स्लॅम स्पर्धा झाल्या आणि त्यांतल्या ६६ या तिघांनी आपसांत वाटून घेतल्या. उरलेल्या १५ बाकी साऱ्या जगाला मिळाल्या. फ्रेंच ओपनच्या लाल मातीवर नदाल ११६ सामने खेळला आणि ४ हरला. या आकड्यांपुढे कौतुकाचे शब्द अपुरे पडतात, आणि गेली वीस वर्षं आपल्या वर्तमानपत्रांनी व दिवाळी अंकांनी ते भरभरून वापरलेही आहेत. यंदा मला लिहायचं आहे ते समोरच्या बाजूला उभ्या असलेल्यांबद्दल.

तिघांची प्रतिभा निर्विवाद आहे. पण त्यांचं राज्य इतकं लांबलं ते केवळ प्रतिभेमुळे नव्हे. २००१ पासून विम्बल्डनच्या गवताचं मिश्रण बदललं, ते अधिक टणक झालं आणि चेंडू पूर्वीपेक्षा उंच उसळू लागला. सर्व्हिस करून नेटकडे धाव घेणाऱ्यांची सद्दी संपली. पॉलिएस्टरच्या तारांमुळे चेंडूला जबरदस्त फिरकी देता येऊ लागली आणि बेसलाइनवरून खेळणारा खेळाडू माती, गवत, हार्ड कोर्ट, सगळीकडे त्याच ताकदीनं खेळू लागला. पूर्वी मातीचा राजा गवतावर पहिल्याच आठवड्यात गारद व्हायचा, ते थांबलं. २००१ मध्येच ग्रँड स्लॅममध्ये १६ ऐवजी ३२ मानांकनं सुरू झाली. म्हणजे अव्वल खेळाडूची पहिल्या दोन फेऱ्यांत एकाही मानांकित खेळाडूशी गाठ पडायची नाही. धोकादायक तरुण भेटायचा तो तिसऱ्या फेरीत किंवा पुढे, तोपर्यंत विजेता स्थिरावलेला असायचा.

आणि पैसा. यावर पुरेसं बोललं जात नाही. २०२५ मध्ये अमेरिकन ओपनच्या एकेरीच्या विजेत्याला ५० लाख डॉलर मिळाले. वरच्या पायरीवरचा खेळाडू प्रशिक्षक, फिजिओ, व्यायामतज्ज्ञ, सामन्यांचं विश्लेषण करणारा माणूस असं आख्खं पथक घेऊन जगभर फिरतो. पस्तिशीनंतरचं शरीर असं पथक असेल तरच टिकतं. क्रमवारीत शंभराच्या पलीकडचा विशीतला मुलगा मात्र विमानाचं तिकीट आणि हॉटेलचं बिल यांची जुळवाजुळव करत दुय्यम स्पर्धांमधून गुण गोळा करत असतो. आपल्याकडच्या मुलांची अवस्था याहून बिकट आहे. पुण्यात बालेवाडीला २०१८ ते २०२३ या काळात एटीपीची, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेची, स्पर्धा भरायची आणि काही भारतीयांना घरच्या प्रेक्षकांसमोर मोठ्या दौऱ्याचा अनुभव मिळायचा. आता त्या दर्जाची पुरुषांची एकही स्पर्धा भारतात होत नाही.

अशा भिंतीला पहिलं मोठं भगदाड पाडलं अर्जेंटिनाच्या हुआन मार्टिन डेल पोत्रोनं. २००९ च्या अमेरिकन ओपनमध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यानं उपांत्य फेरीत नदालला ६-२, ६-२, ६-२ असं उडवलं आणि अंतिम सामन्यात फेडररला पाच सेटमध्ये हरवलं. त्याचा फोरहँड ज्यांनी पाहिला त्यांना पुढची दहा वर्षं कशी असतील याचं चित्र दिसलं होतं. पण मनगटानं दगा दिला. एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या आणि तो पुन्हा कधीच ग्रँड स्लॅम जिंकू शकला नाही. अँडी मरे आणि स्टॅन वावरिंका यांनी प्रत्येकी तीन जिंकली, पण ते नदाल-जोकोविचच्याच वयोगटातले. त्यांना पुढची पिढी म्हणता येत नाही.

पुढची पिढी म्हणजे ग्रिगोर दिमित्रोव्ह, मिलोश राओनिच आणि त्यांच्या आगेमागे आलेले. दिमित्रोव्हचा खेळ फेडररसारखा दिसतो म्हणून त्याला ‘बेबी फेड’ म्हणायचे. एखाद्या मुलाला याहून जड ओझं देता येईल असं मला वाटत नाही. राओनिच २०१६ च्या विम्बल्डनच्या अंतिम फेरीपर्यंत गेला आणि मरेकडून हरला. मग आले डॉमिनिक थीम, अलेक्झांडर झ्वेरेव, डॅनिल मेदवेदेव, स्टेफानोस त्सित्सिपास. एटीपीनं २०१७ पासून २१ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘नेक्स्ट जेन’ नावाची स्पर्धाही सुरू केली. उद्याचे विजेते हेच, असं जणू अधिकृतपणे जाहीर झालं.

त्यांच्यात गुण नव्हते असं म्हणणं अन्यायाचं होईल. २०१९ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये वीस वर्षांच्या त्सित्सिपासनं फेडररला हरवलं तेव्हा फेडररला १२ ब्रेक पॉइंट मिळाले होते आणि या मुलानं ते बाराही वाचवले. पण तोच त्सित्सिपास २०२१ च्या फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात जोकोविचविरुद्ध दोन सेट पुढे असताना हरला. थीमनं पॅरिसमध्ये सलग दोन अंतिम सामने नदालकडून आणि मेलबर्नमध्ये एक जोकोविचकडून गमावला. अखेर २०२० मध्ये न्यूयॉर्कला कोंडी फुटली ती थीमच्याच हातून. पण कशी? फेडरर दुखापतग्रस्त, नदाल आलेला नाही, जोकोविच रागाच्या भरात मारलेला चेंडू लाइन जजला लागल्यानं स्पर्धेबाहेर, आणि करोनामुळे स्टेडियम रिकामं. थीम आणि झ्वेरेव, दोघांनाही ठाऊक होतं की असा दिवस पुन्हा येणार नाही. झ्वेरेव दोन सेट पुढे होता, पाचव्या सेटमध्ये ५-३ वर जेतेपदासाठी सर्व्हिस करत होता आणि त्याचा हात आखडला. पाचव्या सेटच्या टायब्रेकमध्ये, पाय आखडलेल्या अवस्थेत, थीम जिंकला. त्यानंतर त्याच्या मनगटाला दुखापत झाली आणि २०२४ मध्ये, ३१ व्या वर्षी, तो निवृत्त झाला. झ्वेरेवनं पुढे ग्रँड स्लॅमचे आणखी दोन अंतिम सामने गमावले.

या पिढीचं सगळ्यात मोठं यश मेदवेदेवचं. २०२१ च्या अमेरिकन ओपनमध्ये जोकोविच एकाच वर्षातल्या चारही स्पर्धा जिंकण्यापासून एका सामन्यावर होता. मेदवेदेवनं त्याला ६-४, ६-४, ६-४ असं हरवलं. समोर कोण आहे आणि काय पणाला लागलं आहे याचा जराही ताण न घेता तो खेळला. बाकीच्यांनीही तसं खेळायला हवं होतं. पण त्याच मेदवेदेवनं मेलबर्नचे दोन अंतिम सामने दोन सेटची आघाडी घेऊन घालवले. २०२२ चा पस्तिशीच्या नदालविरुद्ध, २०२४ चा बावीस वर्षांच्या यानिक सिनरविरुद्ध. एकदा थोरल्याकडून हार, एकदा धाकट्याकडून. या पिढीची कहाणी या दोन सामन्यांत सामावलेली आहे.

माझं मत असं, की या मुलांच्या हातात काही कमी नव्हतं. त्यांना वाट पाहायला शिकवलं गेलं. हे तिघे थकतील, एकेक करून जातील, मग तुमचीच पाळी, हे त्यांनी वर्षानुवर्षं सगळ्यांकडून ऐकलं. रांगेत उभं राहण्याची सवय लागलेला माणूस पाचव्या सेटमध्ये ५-३ वर नेमका तिथेच थबकतो. आणि मागून दोघे असे आले, की त्यांना रांग आहे हेच मान्य नव्हतं.

कार्लोस अल्कराझ स्पेनमधल्या मुर्सियाजवळच्या एल पालमारचा, जन्म ५ मे २००३. २०२५ पर्यंत त्याचा प्रशिक्षक असलेला हुआन कार्लोस फेरेरो हा स्वतः २००३ चा फ्रेंच ओपन विजेता. २०२२ च्या माद्रिदच्या स्पर्धेत, नुकत्याच एकोणीस वर्षांच्या झालेल्या कार्लोसनं लागोपाठच्या दोन दिवसांत नदाल आणि जोकोविच दोघांनाही हरवलं. मातीवर एकाच स्पर्धेत हे आधी कुणाला जमलं नव्हतं. त्याच वर्षी अमेरिकन ओपनच्या उपांत्यपूर्व फेरीत त्याची आणि सिनरची गाठ पडली. सामना ५ तास १५ मिनिटं चालला आणि न्यूयॉर्कमध्ये पहाटे २ वाजून ५० मिनिटांनी संपला. आपल्याकडे तेव्हा दुपार झाली होती. एक मॅच पॉइंट वाचवून अल्कराझ जिंकला, पुढे स्पर्धा जिंकला आणि एटीपी क्रमवारीच्या इतिहासातला सर्वांत तरुण अव्वल खेळाडू झाला.

तरीही माझ्या लेखी सत्तांतराचा दिवस तो नव्हे. तो १६ जुलै २०२३. पाच आठवड्यांपूर्वी पॅरिसच्या उपांत्य सामन्यात जोकोविचसमोर अल्कराझच्या अंगात पेटके आले होते आणि ते ताणामुळे आले हे त्यानं लपवलं नाही. विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात पहिला सेट त्यानं १-६ गमावला. सेंटर कोर्टवर जोकोविच २०१३ नंतर हरलेला नव्हता. आधीच्या पिढीतला कुणीही इथून मनानं घरी गेला असता. अल्कराझनं दुसरा सेट टायब्रेकवर घेतला, तिसऱ्या सेटमध्ये तर एकच गेम २६ मिनिटं चालला आणि जोकोविचच्या सर्व्हिसवरचा तो गेमही त्यानंच खेचून घेतला. पाचव्या सेटमध्ये नाजूक गुणांवरही तो ड्रॉप शॉट टाकत होता. ज्या क्षणी इतर खेळाडू सुरक्षित फटका शोधतात, त्या क्षणी तो हसत सगळ्यात अवघड फटका निवडतो. ४ तास ४२ मिनिटांनी तो विजेता झाला. हे लक्षात घ्यायला हवं, की त्या वर्षीच्या बाकी तिन्ही ग्रँड स्लॅम जोकोविचनंच जिंकल्या. राजा थकला म्हणून गादी मिळाली, असं इथे कुणालाही म्हणता येणार नाही.

सिनरची जातकुळी वेगळी. तो इटलीच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातला, जिथे घराघरांत जर्मन बोलली जाते. वडील आचारी, आई त्याच हॉटेलात वाढपी. लहानपणी तो स्कीइंगमध्ये चमकला होता आणि तेराव्या वर्षी टेनिससाठी घर सोडून समुद्रकाठच्या बोर्दिगेराला राहायला गेला. चेहऱ्यावर काही दिसू न देता तो चेंडू इतक्या सपाट आणि इतक्या वेगानं मारत राहतो, की समोरच्याला श्वास घ्यायला फुरसत मिळत नाही. २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये, जिथे जोकोविचची दहा जेतेपदं आहेत, तिथे उपांत्य सामन्यात त्यानं जोकोविचला एकही ब्रेक पॉइंट मिळू दिला नाही. त्याच्या नावाला उत्तेजक द्रव्य चाचणीचा डागही आहे. मार्च २०२४ मध्ये क्लोस्टेबोल सापडलं, ते फिजिओच्या हातून नकळत आलं हा खुलासा मान्य झाला आणि २०२५ मध्ये फेब्रुवारी ते मे तो तीन महिने बंदीखाली होता. शिक्षा ग्रँड स्लॅम नसलेल्या इतक्या सोयीच्या काळात बसावी हे अनेक खेळाडूंना खटकलं, आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

बंदी संपल्यावर पाच आठवड्यांनी, ८ जूनला, फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात तो अल्कराझपुढे उभा होता. या सामन्याबद्दल किती लिहावं! चौथ्या सेटमध्ये सिनर ५-३ नं पुढे, अल्कराझच्या सर्व्हिसवर त्याला लागोपाठ तीन मॅच पॉइंट. अल्कराझनं तिन्ही वाचवले. करिअरमध्ये तोवर दोन सेटच्या पिछाडीवरून तो कधीच जिंकलेला नव्हता. ५ तास २९ मिनिटं, ४-६, ६-७, ६-४, ७-६, ७-६. फ्रेंच ओपनच्या इतिहासातला सर्वांत लांबलेला अंतिम सामना. संपूर्ण सामन्यात सिनरनं १९३ गुण जिंकले, अल्कराझनं १९२. एवढा घाव बसल्यावर सिनर वर्षभर सावरणार नाही असं वाटत होतं. पाच आठवड्यांनी विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात त्यानं त्याच अल्कराझला चार सेटमध्ये हरवलं आणि तिथे एकेरी जिंकणारा तो पहिला इटालियन ठरला. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला अल्कराझनं परतफेड केली. २०२४ आणि २०२५ च्या आठ ग्रँड स्लॅमपैकी दोघांची चार-चार.

महिलांच्या टेनिसमध्ये अशी कोंडी कधी झालीच नाही. सेरेना विल्यम्सची २३ जेतेपदं असूनही नाओमी ओसाका आणि बियांका आंद्रेस्कू यांनी अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यांत तिला थेट हरवलं, आणि २०२१ मध्ये पात्रता फेरीतून आलेली १८ वर्षांची एमा राडुकानू तीच स्पर्धा जिंकून गेली. २०२५ मध्ये रशियाची मिरा आंद्रीवा १७ व्या वर्षी दुबई आणि इंडियन वेल्स जिंकली. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

जोकोविच मात्र अजून जागचा हललेला नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये, ३७ व्या वर्षी, अल्कराझला हरवून त्यानं सुवर्णपदक घेतलं. २०२५ मध्ये, वयाची ३८ वर्षं पूर्ण केली त्या वर्षी, चारही ग्रँड स्लॅमच्या उपांत्य फेरीत तो होता. तिथून पुढे त्याला जाता आलं नाही. तीनदा वाट अडवली ती सिनर किंवा अल्कराझनं, एकदा जायबंदी पायानं.

आता प्रश्न या दोघांना कोण आव्हान देणार हा आहे, आणि तो आत्ताच विचारायला हवा. झेक याकुब मेन्शिकनं १९ व्या वर्षी मायामीच्या अंतिम सामन्यात जोकोविचला हरवलं. ब्राझीलच्या १८ वर्षांच्या जुआव फोन्सेकानं जानेवारी २०२५ मध्ये मेलबर्नला पहिल्याच फेरीत आंद्रे रुब्लेव्हला सरळ सेटमध्ये घरी पाठवलं. त्याचा फोरहँड पाहताना मला डेल पोत्रो आठवतो. या मुलांना ‘पुढचा अल्कराझ’ म्हणू नका आणि त्यांना थांबायलाही सांगू नका, एवढंच टेनिसबद्दल लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांना सांगावंसं वाटतं. दिमित्रोव्हचं काय झालं ते आपण पाहिलं आहे. २०२५ च्या विम्बल्डनमध्ये ३४ वर्षांचा दिमित्रोव्ह सिनरविरुद्ध दोन सेट पुढे होता, आयुष्यातला सर्वोत्तम खेळ करत होता, आणि छातीचा स्नायू दुखावल्यानं त्याला सामना सोडावा लागला. त्यानं सामना सोडला तेव्हा सिनरलाही वाईट वाटलं.

दर जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपन सुरू होते. २०२५ अखेरपर्यंत अल्कराझला न मिळालेलं एकमेव ग्रँड स्लॅम तेच होतं. अंतिम सामना तर तुम्ही पाहालच. पण सकाळी लवकर उठून पहिल्या आठवड्यातले बाहेरच्या कोर्टांवरचे सामनेही पाहा. पुढचा विजेता आधी तिथे खेळतो.